मागच्या झाकणावर काय लिहायचं?

मामांना जाऊन चार महिने झाले होते. सांगलीहून मामेभावाचा फोन आला. कॉलेजची फी भरायची होती, म्हणून तो मामांचं मनगटी घड्याळ दुकानात दाखवायला घेऊन गेला होता. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि घड्याळ परत दिलं. नाव रोलेक्सचं, आत मशीन दुसरंच.

"दादा, बाबांना माहीत होतं का रे?"

माहीत होतं. देताना मीच सांगितलं होतं, "मामा, हे मी जोडलंय, खरं नाही." मामा हसले होते आणि पट्टा बांधून घेतला होता. पण हे आता सांगताना मला माझाच आवाज खोटा वाटायला लागला. साक्ष द्यायला मामा नव्हते.

ते घड्याळ मी साताऱ्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर जोडलं होतं. या छंदात सगळे भाग सुटे मिळतात. मशीन सायकोचं एनएच 35: तासाला 21,600 ठोके, म्हणजे सेकंदाला सहा, पूर्ण चावी असली की साधारण 41 तास चालतं. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसवायचे. मग काटे दाबून बसवायचे. आधी तासाचा, मग मिनिटाचा, शेवटी सेकंदाचा. काच लावताना आत धुळीचा एक कण राहिला तरी पुन्हा सगळं उघडायचं. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वेड का लागतं, ते सांगायला नको. कोड हातात धरता येत नाही. इथे सेकंदाचा काटा फिरायला लागतो आणि कानाला लावलं की ऐकू येतं.

मला 1953 साली आलेल्या रोलेक्स सबमरीनरच्या वळणाचं जुनं घड्याळ करायचं होतं. काळं डायल, गोल खुणा, कडेला फिरणारी रिंग. डायल दोन प्रकारची मिळत होती, कोरी आणि नाव छापलेली. किंमत जवळपास सारखीच. मी नाव छापलेली घेतली. कोरी रिकामी वाटत होती.

दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणाने लावणं हा 1999च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, हे मला ऐकून माहीत होतं. तरी मनात एक उत्तर तयार होतं. मी विकत नाही, घालणाऱ्याला सगळं सांगतो, मग फसवलं कुणाला? मामेभावाच्या फोनने ते उत्तर मोडलं. घड्याळ माझ्या हातून मामांकडे गेलं, मामांकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून दुकानात. माझं सांगणं पहिल्याच हातात थांबलं. डायलवरचं नाव मात्र तिघांच्याही सोबत गेलं.

मग नक्कल करणंच वाईट का? तसं वाटत नाही. सांगली जिल्ह्यातच मिरज आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तिथे तंबोऱ्या-सतारींची परंपरा उभी राहिली. वडिलांनी केला तशाच मापाचा भोपळा, तशीच दांडी मुलगा करतो. त्याला कुणी नकल्या म्हणत नाही, कारागीर म्हणतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातून जपलं जातं ते नाव. तसा तंबोरा कुणीही, कुठेही करावा. मिरजेचा म्हणून विकू नये.

सुटे भाग बदलल्यानेही वस्तू खोटी होत नाही. 1961 साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली. 2016 मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. घरातल्या जुन्या 'जनता'ला घड्याळजीने दुसऱ्या एचएमटीचं चाक लावलं तर ती दुरुस्ती असते. पण जुन्या मशीनवर आज छापलेलं, कंपनीने कधी न काढलेलं रंगीत डायल बसवून 'जुना दुर्मीळ माल' म्हणून विकतात, ती फसवणूक. शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आतलं मशीन दोन्हीकडे अस्सल आहे. फरक सोबतच्या वाक्याचा आहे.

वस्तूसोबत जाणारं वाक्य किती महत्त्वाचं असतं, ते साताऱ्याने पाहिलं. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ती ग्रँट डफला साताऱ्यात मिळाली आणि स्कॉटलंडला परतल्यावर त्यांच्यासाठी पेटी केली गेली. ही वाघनखं शिवाजी महाराजांची, असं त्या पेटीवर लिहिलंय. पण हीच वाघनखं महाराजांनी वापरली याची खातरजमा करता येत नाही, असंही ते म्युझियम स्वतः सांगतं. मला हे फार मोलाचं वाटतं. पाहणाऱ्याची श्रद्धा त्याची आहे. वस्तू सांभाळणाऱ्याने आपल्याला ठाऊक आहे तेवढंच लिहायचं.

खरं तर माझ्या कामात हे रोजचंच आहे. दुसऱ्याचा मोफत कोड घ्या, बदला, विकासुद्धा. पण एमआयटी लायसन्सची अट एवढीच की मूळ लेखकाच्या हक्काची आणि परवानगीची नोंद सोबत राहिली पाहिजे. कोडच्या बाबतीत मी ती नोंद कधी पुसली नाही. घड्याळाच्या बाबतीत मी दुसऱ्याचं नाव ठेवलं आणि माझी नोंद गाळली.

आणखी एक सवय मी तेव्हा सोडली. नवं डायल जुनं दिसावं म्हणून काही जण ते चहात बुडवतात, केसवर मुद्दाम ओरखडे काढतात. पिवळट रंग आवडला तर लावावा, ती आवड आहे. पण ओरखडा म्हणजे कुणाचा तरी हात कुठे तरी घासलेला असतो. न जगलेली वर्षं मी कानशीने कशी काढणार?

दिवाळीत मामेभाऊ साताऱ्याला आला. फीचं आम्ही पाहिलं. मी त्याला म्हटलं, कोरं डायल मागवलंय, हे काढून टाकू. तो बराच वेळ घड्याळ हातात फिरवत बसला. "डायल राहू दे, दादा. बाबा रोज हेच बघायचे. विकणार नाही मी."

त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. केसवर एका बाजूला ओरखडा होता. तो मी काढलेला नव्हता. मामांच्या स्कूटरच्या हँडलचा असावा.

डायल ठेवलं. पुढचं नाव अजूनही खोटं आहे आणि ते मला खुपतं. मागचं झाकण मात्र कोरून घेतलं: रोलेक्स नाही. मशीन सायको एनएच 35. जोडणी सातारा. त्याखाली माझं नाव, आणि त्याखाली मामांचं.

आता माझी डायलं कोरी असतात. अजूनही थोडी रिकामी वाटतात.