आजाराचा दोष कोणाच्या माथी?

रोगास गरीब व श्रीमंत हा भेद ठाऊक नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मरण कोणासही चुकत नाही, एवढाच ह्या म्हणण्याचा अर्थ असेल, तर ते खरे आहे. परंतु रोग कोणाच्या घरी आधी येतो, कोणाच्या घरी अधिक दिवस मुक्काम करितो, आणि कोणाच्या घरून रिकाम्या हाताने परत जात नाही, ह्याचा शोध केला असता असे दिसते की, त्यास हा भेद चांगलाच ठाऊक आहे. ह्या भेदाचे कारण काय, आणि त्याची काही जबाबदारी आपणां मनुष्यांवर येते की नाही, ह्या प्रश्नाचा आज विचार करू.

एखाद्या झोपडीतले मूल दगावले म्हणजे गावात बहुधा दोन उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, "त्याच्या नशिबातच नव्हते." दुसरा म्हणतो, "आईबापांचीच चूक. स्वच्छता नाही, अक्कल नाही." पहिले उत्तर दैववाद्याचे व दुसरे सुशिक्षिताचे. ही दोन्ही एकमेकांच्या उलट दिसतात, तरी एका गोष्टीत ती सख्खी भावंडे आहेत. दोन्ही उत्तरे देणारा मनुष्य आपले अंग झाडून मोकळा होतो. दोष देवाचा किंवा मेलेल्याच्या घरचा, आपला नव्हे. जन्मांध मनुष्यास पाहून, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असा प्रश्न शिष्यांनी केला, तेव्हा प्रभूने त्या दोहोंपैकी एकही उत्तर स्वीकारिले नाही, हे आपल्या वाचकांस माहीत आहे. मग तिसरे उत्तर काय असू शकेल?

हे शोधण्यास दूर जावयास नको. आपला अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तोच पाहा. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्याचे पाणी उत्तरेकडील तालुक्यांत खेळू लागले, ऊस उभा राहिला, आणि १९५० साली लोणीजवळ प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला. तेथे सडका झाल्या, शाळा झाल्या, पुढे दवाखानेही झाले. दक्षिणेकडे जामखेड, कर्जत, पाथर्डी ह्या बाजूस पर्जन्यछायेचा प्रदेश. एक वर्ष पिकते तर दोन वर्षे करपते. एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन बालकांपैकी एकाच्या दारात पाट आणि दुसऱ्याची आई हंडा घेऊन कोसभर चालणारी! पाऊस कोठे पडावा हे मनुष्याच्या हाती नाही, हे कबूल. परंतु धरणाचे पाणी कोणत्या शेतास मिळावे, टँकर कोणत्या वस्तीस आधी जावा, आणि विहिरीवर कोणी चढू नये, हे ठरविणारा पाऊस नव्हे.

पाण्यावरून नारूचे उदाहरण घेऊ. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांस हा रोग आठवत असेल. पायावर फोड यावा, तो फुटून त्यातून दोऱ्यासारखा लांब जंतू हळूहळू बाहेर पडावा, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता मनुष्य महिना महिना अंथरुणास खिळावा, अशी त्याची रीत होती. रोग पसरे तो असा: नारू झालेला मनुष्य पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंतूची पिले पाण्यात पडत, पाण्यातील डोळ्यांस नीट न दिसणारे लहान जीव ती गिळीत, आणि ते पाणी जो गाळल्यावाचून पिई, त्याच्या पोटात नारू शिरे. ज्याच्या घरी कठड्याची विहीर व रहाट, तेथे कोणी पाण्यात उतरत नसे, म्हणून तेथे नारूही नसे. म्हणजे रोगाने माणसांत भेद केला तो विहिरीच्या बांधणीवरून. ह्या रोगावर ना औषध निघाले, ना लस. तरीही भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसविले, पाणी फडक्याने गाळण्यास शिकविले, एवढ्याने हे झाले. जो रोग एकाही गोळीवाचून नाहीसा झाला, तो नशिबात होता असे म्हणावे काय?

आता जामखेडची हकीकत ऐका. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली जामखेडास येऊन ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्या भागात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत मरत. हजारात १७६ म्हणजे सहा पाळण्यांपैकी एक पाळणा रिकामा. मोठे रुग्णालय बांधून रोगी येण्याची वाट पाहत बसावे, तर बरे होऊन गेलेले मूल त्याच हगवणीने पुन्हा आणिले जाई. कारण घरी पाणी तेच, उपास तोच. लोकांस विचारिले तर ते औषध मागत नसत. अन्न व पाणी मागत. लवकरच १९७२ चा दुष्काळ पडला, आणि लोकांचे म्हणणे किती खरे होते हे उघड झाले. तेव्हा डॉक्टरांनी आधी लेकरांच्या जेवणाची व पिण्याच्या पाण्याची सोय हाती घेतली.

त्या पाण्याच्या कामातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हातपंपासाठी जागा ठरविताना, गावकुसाबाहेरील दलित वस्तीत पाणी लागण्यासारखे असेल तर पंप तेथेच बसावा, अशी तजवीज आरोळे दांपत्याने केली. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून दूर उभे राहून कोणी वरून पाणी ओतील ह्याची वाट पाहावी लागे, त्यांच्याच दारात पाणी आले, आणि गावास तेथे यावे लागले. ह्या कृतीस वैद्यकी म्हणावे की समाजसुधारणा? आमचे उत्तर असे की, ती उत्तम वैद्यकी होती. कारण त्या वस्तीतील हगवणीचे मूळ जंतूत होते, तसेच ते जंतू त्याच वस्तीच्या वाट्यास का येतात ह्यातही होते. आणि दोन्ही मुळे उपटल्यावाचून झाड मरत नाही.

पुढे गावोगावच्या लोकांनी आपल्यातूनच एकेक बाई निवडून दिली. त्यांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, निरनिराळ्या जातींच्या असून एकत्र जेवीत, एकत्र निजत, आणि शिकलेले गावी जाऊन शिकवीत: हगवण लागलेल्या मुलास पाणी तोडू नये, तर मीठसाखरेचे पाणी पाजीत राहावे, बाळंतिणीस उपाशी ठेवू नये, नाळ कापताना पाते उकळून घ्यावे. १९७६ पर्यंत बालमृत्यूचे प्रमाण हजारी ५२ वर आले, आणि शतकाच्या अखेरीस ते ३० च्याही आत गेले. ह्या कार्याबद्दल उभयतांस १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. डॉ. मेबलबाई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, "सर्व दोष परिस्थितीवर घातला, तर मनुष्याची स्वतःची जबाबदारी उरते कोठे? दारू पिणाऱ्यास दारू परिस्थितीने पाजिली काय? तंबाखू काय सावकार तोंडात घालतो?" हा आक्षेप पोकळ नाही. आपल्या कर्माचा जाब ज्याने त्याने दिलाच पाहिजे. परंतु जाब किती मागावा, ह्यासही माप आहे. ज्याच्या पुढे चार वाटा होत्या व त्याने वाईट निवडली, त्याचा दोष मोठा. ज्याच्या पुढे एकच वाट होती, त्याचा दोष त्या मानाने लहान. घरात नळ असून जो हात धूत नाही, त्यास रागे भरावे. दोन हंड्यांत सहा माणसांचे दिवसाचे पिणे, रांधणे व धुणे जी भागविते, तिला हात धुण्यावर प्रवचन देणे म्हणजे उपाशी मनुष्यास पथ्य सांगणे होय. जबाबदारी सामर्थ्याच्या मागोमाग चालते. आणि जेथे एकाचे सामर्थ्य संपते, तेथे ज्यांच्यापाशी ते उरलेले आहे त्यांची जबाबदारी सुरू होते.

हे माप आजच्या एका गोष्टीस लावून पाहा. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेड व शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊस तोडण्यास घर सोडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडून वर दंड बसतो. राहणे पाचटाच्या कोपीत. जवळ ना न्हाणी, ना संडास. पहाटे फडात जावयाचे, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावयाची. मग अंगावरून जाते म्हणून, पोटात दुखते म्हणून बसावयाचे कोणी? बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होते, असे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली. तपासणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढिलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक.

आता दोष कोणाचा? बाईने स्वतःच संमती दिली, असे म्हणता येईल. परंतु एका हाताला खाडा व कर्ज, दुसऱ्या हाताला न संपणारे दुखणे, आणि पुढे शस्त्रक्रिया हाच कायमचा उपाय म्हणून सांगणारा, अशा कोंडीत दिलेल्या संमतीस निवड म्हणणे कठीण आहे. मुकादम म्हणेल, मला कारखान्याने गाडी भरावयास सांगितले. कारखाना म्हणेल, बाया मुकादमाच्या. आमच्या पटावर नाहीत. साखर खाणारा म्हणेल, मी तर पैसे देऊन विकत घेतली. प्रत्येकाचे हात स्वच्छ, आणि तरीही बाईची पिशवी गेलीच. सामाजिक पापाचे लक्षण हेच की, ते सर्वांच्या हातून घडते व कोणाच्याच नावावर मांडिले जात नाही. म्हणून ते वाटून घेतल्याशिवाय फिटतही नाही.

हा प्रकार केवळ आपल्या दरिद्री मुलखातला आहे असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सर मायकेल मार्मट ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमिलेल्या आयोगाने २००८ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात स्कॉटलंडातील ग्लासगो शहराचा दाखला आहे. त्या शहराच्या एका गरीब भागात जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुष्य, तेथून काही मैलांवरील सुखवस्तू भागातील मुलाच्या आयुष्याहून २८ वर्षांनी कमी भरले. तेथे दवाखाने पुष्कळ, औषध सरकारकडून फुकट. तरीही एवढे अंतर! तेव्हा नुसते डॉक्टर वाढवून हे अंतर मिटत नाही, ही गोष्ट जामखेडप्रमाणेच ग्लासगोही शिकविते.

तर मग गरिबाने, सरकार व श्रीमंत सुधारतील तोवर, हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. जामखेडच्या ग्रामआरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ ह्यांनी १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे मोठमोठ्या तज्ज्ञांपुढे भाषण केले. त्यांच्या बोलण्याचा भाव असा होता की, सभागृहातील झुंबर सुंदर आहे, पण महाग आहे व ते आपला उजेड दुसऱ्या दिव्यास देऊ शकत नाही. आम्ही बाया लहान पणत्या आहो, पण एका पणतीवर दुसरी लावता येते. जिला गावाने काल अडाणी म्हटले, तिनेच गावचे पाळणे भरते ठेविले. परिस्थिती मनुष्यास बांधते हे खरे; पण परिस्थिती मनुष्यांनीच बांधिलेली असते, म्हणून मनुष्यांस ती सोडविताही येते. एकट्यादुकट्यास येत नाही, एवढेच.

शेवटी, जे शिक्षक व पंच आजाऱ्यांस भेटावयास घरोघर जातात, त्यांस एक सूचना. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर, काय दुखते, हे विचारालच. त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. ह्या घरचे पाणी कोठून येते? काल चूल किती वेळा पेटली? आजारपणात मजुरी कोणाची बुडाली? आणि औषधासाठी पैसे कोणाकडून उसने आणिले? ही चार उत्तरे मिळाली म्हणजे, ह्याने निष्काळजीपणा केला, हे वाक्य बहुधा ओठांवरच राहील. आणि त्यांपैकी ज्या उत्तराचा उपाय गावाच्या हाती असेल, मग तो हातपंप दुरुस्त करण्याचा असो, ग्रामसभेत टँकरची मागणी करण्याचा असो, की फडावर गेलेल्या कुटुंबाच्या लेकरांस चार महिने आपल्या घरी ठेवून घेण्याचा असो, तो करावयाचे राहिले, तर पुढल्या आजाराच्या दोषात आपलाही वाटा धरावा.