चांगलं घर

भाचीला जर्मनीत नोकरी लागली. पेढे वाटून झाले, फोन येऊन गेले, आणि तिसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, मैनाचं काय करायचं?"

मैना ही तिची घोडी. वय चौदा. शर्यतीच्या मैदानावरून लवकर बाद झालेली, दोन-तीन मालकांच्या हातून फिरून आमच्या जबलपूरला आलेली. तिलवारा घाटाच्या पलीकडे माझ्या मेहुण्यांची थोडी शेती आहे, तिथं ती राहते. गेली नऊ वर्षं भाची रोज सकाळी तिला खरारा करते, चंदी देते, नर्मदेच्या काठाकाठानं फिरवून आणते. मेहुणे आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि शेत विकायचं ठरलेलं आहे.

मी लगेच म्हणालो, "काळजी करू नकोस. तिच्यासाठी एखादं चांगलं घर बघू."

वाक्य इतक्या सहज तोंडून गेलं की रात्री तेच टोचायला लागलं. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. आम्ही सिवनीला राहत होतो तेव्हा आजोबांचा टांगा होता आणि टांग्याला मोती नावाचा घोडा. मी नऊ वर्षांचा असताना आजोबा गेले आणि वडिलांनी बिऱ्हाड जबलपूरला हलवलं. मोतीचं काय झालं असं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "चांगल्या घरी दिलाय." सिवनी इथून तीन तासांवर. त्या रस्त्यानं मी आयुष्यात किमान शंभर वेळा नागपूरला गेलो असेन. एकदाही गाडी थांबवून चौकशी केली नाही. त्या तीन शब्दांनी माझं समाधान झालं होतं, आणि ते शब्द बहुधा त्यासाठीच होते.

मग आपल्याबरोबर नेता येत नसलेल्या जनावराचं आपण नेमकं काय देणं लागतो?

आधी नेण्याचाच विचार करू. घोडा विमानानं जातो. त्याला लाकडी-धातूच्या खणात उभं करतात, सोबत माणूस असतो. अडचण उड्डाणाची नसते, रोगांची असते. आफ्रिकन हॉर्स सिकनेस, ग्लँडर्स, सरा अशा रोगांची प्रत्येक देशाला धास्ती असते. म्हणून रक्ततपासण्या, विलगीकरण, दाखले. भारतातल्या घोड्यांना परदेशी स्पर्धांना जाणं वर्षानुवर्षं त्यामुळेच दुष्कर होतं. मेरठ छावणीतल्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात उभारलेल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं मान्यता दिली ती जुलै २०२५ मध्ये. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ज्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्णपदक जिंकलं, त्यांनी युरोपात राहून तिथल्याच घोड्यांवर सराव केला होता. त्यांतली सुदीप्ती हजेला तर आपल्या इंदूरची. म्हणजे देशातल्या उत्तम स्वारांनाही घोडा तिकडे नेण्यापेक्षा स्वतः घोड्याकडे जाणं सोपं पडलं. चौदा वर्षांची, शर्यतीतून बाद झालेली घोडी आणि पहिल्या नोकरीचा पगार यांचा हिशोब भाचीनं मांडला आणि कागद बाजूला ठेवला.

हाच हिशोब दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी रोमच्या थोरल्या केटोनं केला होता. कॉन्सल असताना त्यानं स्पेनची मोहीम ज्या घोड्यावरून केली, तो घोडा परत येताना तिथंच सोडला. जहाजातून आणण्याचा खर्च सरकारी तिजोरीवर पडू नये म्हणून. त्याला याचा अभिमान होता. त्याचं चरित्र लिहिणाऱ्या प्लूटार्कला मात्र हे बोचलं. जिवंत प्राणी म्हणजे झिजल्यावर फेकायची वहाण नव्हे, असं त्याचं म्हणणं. तरी केटोचं वागणं थोर मनाचं की कोत्या मनाचं, हे त्यानं वाचकावर सोडलं. मला त्यात एक गोष्ट दिसते. केटोनं काटकसर केली हा त्याचा दोष नव्हे, जनतेचा पैसा वाचवणं वाईट कसं असेल? पण घोडा स्पेनमध्ये कुणाकडे राहिला, हे त्या गोष्टीत येतच नाही. सोडला, इथं वाक्य संपतं.

केटोनं एक घोडा सोडला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं सुमारे १,३६,००० घोडे परदेशी पाठवले. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना 'वेलर' म्हणत. हिंदुस्थानातलं लष्कर या घोड्यांचं जुनं गिऱ्हाईक. आमच्या जबलपुरात १९०४ साली गन कॅरिज फॅक्टरी निघाली. त्या काळात तोफांचे गाडे ओढायचे ते घोड्यांनीच, आणि त्यांत वेलर पुष्कळ. युद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रेलियाकडे १३,००० घोडे जादा होते. रोगांच्या भीतीनं त्यांना मायदेशी नेता येईना. ११,००० विकले गेले, बहुतेक हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला. उरलेले दोन हजार वयानं किंवा दुखण्यानं बाद ठरवले गेले. एवढ्या सगळ्यांत मायदेशी परतला एकच घोडा, सँडी. गॅलिपोलीत मारल्या गेलेल्या जनरल ब्रिजेस यांचा. म्हणजे वाट अगदीच बंद नव्हती. एका घोड्यासाठी ती उघडली, कारण त्याच्या मालकाचं नाव मोठं होतं.

इजिप्तमध्ये विकल्या गेलेल्या फौजी घोड्यांचं काय झालं, हे बारा वर्षांनी कुणीतरी जाऊन पाहिलं. डोरोथी ब्रूक ही इंग्रज बाई १९३० साली नवऱ्याच्या नेमणुकीमुळे कैरोला गेली आणि तिला रस्त्यांवर, दगडांच्या गाड्यांना जुंपलेले ते म्हातारे, हाडं निघालेले घोडे सापडले. तिनं लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला पत्र लिहिलं, पैसे जमवले आणि काही वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. १९३४ साली तिनं कैरोत घोड्यांसाठी मोफत दवाखाना काढला. विकत घेतलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांना थोडे दिवस चारा, पाणी, सावली देऊन तिनं वेदनेशिवाय मरण दिलं. ते इतके थकलेले होते की दुसरं काही देण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांचे ते मालकही दुष्ट नव्हते. गरीब होते. एका घोड्यावर त्यांचं घर चालत होतं. घोडे विकणाऱ्या सरकारला हे ठाऊक नसेल असं नाही, पण विकल्यावर विचारायचं कारण उरलं नाही.

हे सगळं लांबचं आणि जुनं वाटत असेल, तर माझ्या जिल्ह्यातलं सांगतो. २०२५च्या एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला हैदराबादहून ५७ घोडे ट्रकांनी जबलपूर जिल्ह्यात, पनागरजवळच्या रायपुरा गावात आणले गेले. ऐन उन्हाळा. अंतर पावणेआठशे किलोमीटरांच्या आसपास. पहिल्या काही दिवसांतच आठ घोडे दगावले, आणि पुढे हा आकडा वाढत गेला. ग्लँडर्सच्या शंकेनं रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले. प्रकरण इथल्या उच्च न्यायालयापुढे आलं. चूक कुणाची, हे ठरवणं न्यायालयाचं काम, माझं नव्हे. मला त्या बातम्यांमध्ये वेगळंच जाणवत होतं. घोडे नक्की कुणाचे, त्यांना कुणी पाठवलं, का पाठवलं, आता त्यांच्यासाठी कोण बांधील, हे प्रश्न घोडे मरायला लागल्यावर विचारले गेले. हैदराबादहून येणारा रस्ता नागपूर, सिवनी असाच येतो. म्हणजे माझाच रस्ता.

अशा वेळी आपल्याला हटकून युधिष्ठिर आठवतो. स्वर्गाच्या दारात इंद्र रथ घेऊन उभा आहे आणि म्हणतो, कुत्र्यासाठी इथं जागा नाही. युधिष्ठिर आत जायला नकार देतो. इंद्राचा युक्तिवाद बिनतोड आहे : द्रौपदीला सोडलंस, भावांना सोडलंस, मग कुत्र्याचंच काय? युधिष्ठिर उत्तर देतो की ते मेल्यावर सोडले, जिवंतपणी नाही. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकली की वाटायचं, खरं प्रेम म्हणजे हेच, बरोबर नेणं नाहीतर आपणही न जाणं. भाचीनंही एका रात्री तसं बोलून पाहिलं. "मी नोकरीच नाही घेत."

पण त्या कथेतला कुत्रा आपण होऊन मागे आला होता. घोडी जर्मनीला निघालेली नाही, निघाली आहे ती माझी भाची. घोडा कळपातला प्राणी. त्याचं घर म्हणजे ओळखीची सोबत, ठरलेल्या वेळचा दाणा, ओळखीचा हात, पायाखालची माहितीची माती. मैनाला रक्ततपासण्या, विलगीकरण आणि विमानाचा खण यांतून नेऊन अनोळखी थंडीत उभं केलं, तर त्यात तिचं किती आणि भाचीच्या मनाचं समाधान किती? बरोबर नेणं हीच निष्ठा असं मानलं की आपण आपल्या विरहाला जनावराचं नाव देतो. आणि नोकरी सोडून राहणं? शेत विकल्यावर तेही फार दिवसांचं नव्हतं. तेव्हा दुसऱ्याच्या हाती देणं हा विश्वासघात नव्हे. पुष्कळदा तेच योग्य असतं.

अडतं ते देण्याच्या नंतर. 'चांगलं घर मिळालं' हे वाक्य भूतकाळात असतं. घोड्याचं आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचं. त्या वर्षांत नव्या मालकाची नोकरी जाते, जमीन विकली जाते, घोडी लंगडते, तिला पोटशूळ होतो. चांगलं घर दिल्या दिवशी चांगलं असतं, एवढंच आपल्याला खात्रीनं सांगता येतं. म्हणून मला वाटतं, आपण देणं लागतो ते घराचं नव्हे. पुढे कधीही त्या जनावराबद्दल विचारता येईल, आणि वेळ पडली तर ते परत येऊ शकेल, अशी वाट उघडी ठेवणं, हे आपलं देणं.

यावर एक आक्षेप खरा आहे. ज्यानं घोडी घेतली त्याच्या डोक्यावर जुन्या मालकानं कायम बसून राहायचं का? रोज तो चारा घालणार आणि लांबून प्रश्न विचारणारे आपण. हा अपमानच आहे, आणि अशा अटींवर कुणी जबाबदारी घेणारही नाही. मान्य. म्हणून विचारण्याचा हक्क मागताना ओझ्यातला वाटाही उचलावा लागतो. नुसती चौकशी म्हणजे पाळत. पैसे, वेळ आणि परत घेण्याची तयारी तिच्यासोबत असेल तर तिला नातं म्हणता येईल.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. माणसं पोटासाठी गावं सोडतात तेव्हा त्यांच्या मागे कोण विचारपूस करतं, आणि आपण एका घोडीसाठी एवढं मांडून बसलो आहोत! याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मैनानं स्वतःहून काही मागितलेलं नाही. तिला आपणच आपल्या आयुष्यात आणलं, आपल्या हातावर अवलंबून राहायला शिकवलं. जगातल्या सगळ्या दुःखांचं उत्तर माझ्याकडे मागता येणार नाही, पण या एकाचं मागता येईल.

शेवटी मैना गेली ती बरगीच्या बाजूच्या एका कुटुंबाकडे. त्यांच्याकडे एक म्हातारा टट्टू आधीपासून आहे, त्यामुळे तिला सोबत मिळाली. देण्याआधी भाची महिनाभर रोज तिथं जात होती, मैनाला तिथल्या मोतद्दाराच्या हाताची सवय होईपर्यंत. आम्ही साध्या कागदावर चार गोष्टी लिहिल्या. नालबंदाचा आणि औषधपाण्याचा खर्च भाची पाठवेल. घोडी तिसऱ्या कुणाला विकायची किंवा द्यायची झाली तर आधी आम्हाला विचारायचं. त्यांना जमेनासं झालं तर कारण न विचारता आम्ही परत घेऊ. चौथी गोष्ट लिहिताना भाचीचा हात थांबला : दुखणं बरं होण्यासारखं नसेल तर तिला सोडवायचं की नाही, हे कुणी ठरवायचं? चांगल्या घराच्या बोलण्यात आपण हा विषय काढतच नाही, आणि मग तो निर्णय कुणीच घेत नाही. जनावर उभ्या उभ्या झिजत राहतं. कैरोतले घोडे तसेच झिजले होते. डॉक्टरांचं मत आणि त्या घरच्या बाईंचा शब्द, असं ठरलं. बाईच रोज तिच्याजवळ असतील म्हणून.

कागदावर संपर्कासाठी पत्ता माझा आहे. भाची लांब आहे. मी अडुसष्टचा. मैना जगली तर अजून दहा-बारा वर्षं जगेल, म्हणजे माझ्यानंतर कोण, हेही लिहावं लागलं. माझ्या मुलानं सही केली.

महिन्यातून एकदा मी बरगीला जातो. घोडी मला ओळखते असं नाही, माझ्या खिशातला गूळ ओळखते. परवा परत येताना सिवनीच्या फाट्याची पाटी दिसली. मोतीबद्दल विचारायला आता तिथं कुणी उरलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी पुढच्या खेपेला जाऊन येणार आहे.