चिमणा कुठे असतो?

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊचं दार ठोठावतो आणि चिऊ आतून एकेक कारण सांगत राहते. बाळाची अंघोळ, बाळाचं काजळ, बाळाची झोप. मराठी घरातल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात ऐकलेली ही पहिली गोष्ट, आणि तिच्यात चिमणा नाही. तो कामावर गेलाय, वारलाय की सोडून गेलाय, हे कुणी सांगत नाही. ऐकणारं मूलही विचारत नाही. (लहानपणी चिऊ जरा दुष्टच वाटायची. आता वाटतं, भर पावसात तान्हं बाळ घेऊन एकटी असलेली बाई दार उघडायला वेळ लावणारच.)

चिऊला मिळालेली ही सूट माणसांच्या गोष्टीत मिळत नाही. तिथे आई एकटी दिसली की बाप कुठाय, याचं उत्तर द्यावं लागतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'वडिलांचं नाव' या रकान्यापुढे तांबडी चांदणी असते, भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, तसं. मी पोटासाठी असलेच फॉर्म बनवतो, त्यामुळे एवढं खात्रीने सांगू शकतो की ती चांदणी आपोआप उगवत नाही. कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ती ठरवलेली असते. मग मुलांसाठी लिहिणाऱ्याने तो रकाना भरावा, की रिकामा सोडावा? हा प्रश्न मला लेखनाच्या तंत्राचा वाटत नाही. तो लहान मुलाला काय आशा दाखवायची याचा आहे.

भरून टाकणारं सगळ्यात गाजलेलं पुस्तक जर्मन आहे. एरिश केस्टनरचं 'दास डोपेल्टं लोटशन', १९४९ सालचं. दोन मुली उन्हाळी शिबिरात भेटतात, हुबेहूब सारख्या. एक म्युनिकला आईजवळ वाढलेली, दुसरी व्हिएन्नाला वडिलांजवळ. आपण जुळ्या आहोत आणि आईबाबांनी घटस्फोट घेताना आपल्याला वाटून घेतलंय, हे त्यांना कळतं. त्या अदलाबदल करतात आणि शेवटी आईबाबांचं पुन्हा लग्न होतं. हॉलिवूडने यावर १९६१ आणि १९९८ मध्ये 'द पेरेंट ट्रॅप' काढला, हिंदीत १९६८ साली 'दो कलियाँ' आला.

पुस्तक गोड आहे, प्रश्नच नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे: मोडलेलं लग्न मुलांनी डोकं लढवलं तर जुळतं. ज्यांच्या घरी ते जुळलं नाही, त्या मुलाने यातून काय समजायचं? आपणच कमी पडलो?

हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्या ताईचा मुलगा आठ वर्षांचा आहे. ती आणि जिजाजी दोन वर्षांपासून वेगळे राहतात. १९९८ चा सिनेमा पाहून तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आपण बाबांना न सांगता हॉटेलात बोलवू या. तूपण ये. मी आणि मामा लांब बसू." ताई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "बोलव. आम्ही दोघं छान जेवू आणि मग आपापल्या घरी जाऊ." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "मग मी कुणाच्या गाडीत बसू?"

केस्टनरला हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. त्याच पुस्तकात मध्येच थांबून तो मोठ्यांना सुनावतो की आईबाप वेगळे झाल्याने सोसणारी मुलं आहेत, तशी ते वेगळे होत नाहीत म्हणून सोसणारीही आहेत. इतकं स्पष्ट लिहिणारा माणूस शेवटी मात्र लग्न लावून देतो.

दुसऱ्या टोकाला बेव्हर्ली क्लिअरीचं 'डिअर मिस्टर हेन्शॉ' आहे. घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलाबद्दल लिहा, असं एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन मुलांनी तिला सुचवलं होतं. पुस्तक १९८३ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. ली बॉट्स आईबरोबर राहतो. बाबा ट्रक चालवतात, फोन करायचं कबूल करतात आणि करत नाहीत. एकदा ली स्वतःच फोन लावतो, तर मागून दुसऱ्याच एका मुलाचा आवाज येतो, पिझ्झा खायला कधी जायचं म्हणून विचारणारा. क्लिअरी त्यावर भाष्य करत बसत नाही. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

लीच्या डब्यातला चांगला खाऊ शाळेत कुणीतरी रोज चोरतं. तो बॅटरी, तारा जमवून डब्याला अलार्म बसवतो. (इंजिनिअर लोकांनी एवढ्यासाठी तरी वाचावं.) अलार्म वाजतो, पण लीनेच जेवायला डबा उघडल्यावर. चोर शेवटपर्यंत सापडत नाही, आणि लीला तो सापडायला नकोसाही होतो. मग एके दिवशी बाबा कुत्र्याला घेऊन दारात येतात, पुन्हा एकत्र येण्याची गोष्ट काढतात. आई नाही म्हणते. कुत्रा ली ठेवू शकला असता, पण ट्रकमध्ये बाबांना सोबत हवी म्हणून तो त्यांच्याबरोबरच पाठवतो. आमच्या कामात काही बग 'वोंट फिक्स' असा शेरा मारून बंद करतात. दुरुस्त होणार नाही, पण त्याची नोंद राहील. ते निर्दय वाटतं, तरी खोट्या 'फिक्स्ड'पेक्षा बरं असतं.

रकाना रिकामा सोडला की सगळं सुटलं, असंही नाही. बाप नसलेल्या जागेत मग मुलालाच बसवलं जातं. केस्टनरच्याच 'एमिल आणि गुप्तहेर' (१९२९) मध्ये एमिलची विधवा आई घरीच बायकांचे केस धुऊन पोट भरते. तिने दिलेले १४० मार्क तो कोटाच्या आत टाचणीने टोचून बर्लिनला निघतो, आगगाडीत ते चोरीला जातात. नोटांवरच्या टाचणीच्या भोकांमुळे चोर पकडला जातो. १००० मार्कांचं बक्षीस मिळाल्यावर एमिलला सुचतं काय, तर आईसाठी केस वाळवायचं विजेचं यंत्र आणि उबदार कोट. वाचताना डोळे भरतात. पण या मुलाने स्वतःसाठी काहीच का मागू नये? आपल्याकडे अशा मुलाला "किती लवकर समजूतदार झाला" म्हणतात, आणि ते कौतुक म्हणून म्हणतात.

जॅकलिन विल्सनच्या 'द इलस्ट्रेटेड मम'मध्ये (१९९९) त्या समजूतदारपणाची किंमत दिसते. अंगभर टॅटू असलेली मॅरिगोल्ड मनाने आजारी आहे आणि तिच्या दोन मुली तिला सांभाळतात. धाकटी डॉल्फिन आईवर जीव टाकते आणि तिला घाबरतेही. एकटी आई देवी असेल किंवा बिचारी असेल, ही आपली सवय या पुस्तकात चालत नाही. आई चुकते, तरी ती आई राहते.

आपल्याकडे हे नवं फॅड आहे असं कुणाला वाटत असेल, तर छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची गोष्ट आहे. गुरूकडे जायचं म्हणून तो आईला गोत्र विचारतो. जबाला सांगते की तरुणपणी अनेकांकडे सेवा करत फिरताना तू झालास, गोत्र मला माहीत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तेव्हा स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं झालं, तेव्हा मला हीच आठवली होती. मुलांना ती सांगताना जबालेचं उत्तर सौम्य करायचा मोह होतो: वडील लवकर वारले, असं काहीतरी. म्हणजे खरं बोलण्याची गोष्ट आपण खोटं बोलून सांगणार. भाच्याला सांगताना मी ते वाक्य ठेवलं. "म्हणजे तिला खरंच माहीत नव्हतं?" एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं, आणि पुढची गोष्ट ऐकायची त्याला घाई होती. पुढे गौतम ऋषी त्या मुलाला चारशे रोडक्या गायी देतात आणि तो म्हणतो, हजार झाल्याशिवाय परत येणार नाही.