उत्तरपूजेनंतर उरतं ते काय?

गणेशपूजेच्या शेवटी एक क्षण येतो, आरतीच्या गजरात तो सहज निसटून जातो. उत्तरपूजेच्या अक्षता वाहून झाल्या की यजमान मूर्ती जागच्या जागी किंचित हलवतो. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत आलेलं देवत्व तिथे स्वस्थानी गेलं, असं शास्त्र मानतं. त्यानंतर उरते ती माती. मग दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर हात तुटलेली, रंग उडालेली मूर्ती दिसली की भाविकाच्या काळजात चर्र का होतं? शास्त्राने निरोप दिलेला असतो, मनाने दिलेला नसतो.

पेणमध्ये हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. पेण शहरात, हमरापुरात, जोह्यात घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. शाडूची मूर्ती साच्यातून काढली की वाळायला दिवस जातात, दमट हवेत आणखी जास्त. ट्रकमध्ये गचका बसला तर ती तडकते. प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) काथ्यासह साच्यात घातलं की काही मिनिटांत घट्ट होतं. मूर्ती हलकी, मजबूत आणि स्वस्त. पण पाण्यात गेल्यावर शाडू फुटून गाळ होतो, प्लास्टर मात्र आकार सोडत नाही. घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली पीओपी मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला आणि पेणचे मूर्तिकार हवालदिल झाले. तेव्हा राज्य सरकारने शास्त्रीय मत मागितलं ते राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे. संशोधनाला अनुदान देणाऱ्या या आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर. पुढे जूनमध्ये न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा दिली. नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला मात्र तेव्हा परवानगीशिवाय मनाईच ठेवली.

देव्हाऱ्यातला प्रश्न असा सरकारी आयोगाच्या टेबलावर पोचला. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या विज्ञानाने श्रद्धेच्या अंगणात किती आत यावं?

आपल्याकडची विज्ञान संग्रहालयं तर मुळात अशाच पैशातून उभी राहिली. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ साली सुरू झालं ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या छत्राखाली. १९७८मध्ये संग्रहालयांची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद झाली. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्ण रूपात उघडलं ते तिच्याच आधाराने. नातं असं जुनं आहे. त्याच सीएसआयआरच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपी मूर्ती विरघळवायची सोपी पद्धत दिली. घरच्या बादलीत बुडबुडे येत राहतात, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो, वरच्या पाण्यात खत म्हणून चालणारं अमोनियम सल्फेट उरतं.

राजाश्रयाबद्दल पेणशेजारच्या रोह्याने दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. चिंतामणराव देशमुखांचं बालपण तिथलं. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञान, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद. सरकारने पैसा द्यावा आणि विद्येने आपला कणा सांभाळावा, अशी ती वाट. १९२० साली रोह्यातच जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी स्वाध्यायाचं काम सरकारी अनुदानाविना, लोकांच्या श्रमभक्तीवर उभं केलं. धर्माला ही दुसरी वाट शोभते. प्रयोगशाळेला मात्र ती परवडत नाही, कारण उपकरणं श्रमदानाने येत नाहीत.

म्हणूनच सरकारी पैसा घेणाऱ्या विज्ञानावर एक जास्तीचं बंधन आहे. त्या पैशात भाविकाचा कर आहे, मूर्तिकाराचा आहे, नास्तिकाचाही आहे. मूर्तीत देव होता की नव्हता, हे सांगणं विज्ञानाचं काम नाही. उत्तरपूजेनंतर जे उरतं त्याचं पाण्यात काय होतं, हे सांगणं मात्र त्याचं कर्तव्यच आहे, आणि सत्तेला ते रुचेल की नाही याचा हिशेब न करता. राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. भाविकही नागरिकच असतो. बादलीतल्या द्रावणाने विसर्जनाचं पावित्र्य उणावतं का, याचं उत्तर ज्याचं त्यानेच द्यावं. पण ते डोळ्यांनी पाहून द्यावं.

ते पाहायची सोय पेणमध्येच व्हायला हवी. तीन काचेच्या टाक्या: एकीत शाडूची मूर्ती, दुसरीत साध्या पाण्यात पीओपीची, तिसरीत बायकार्बोनेटच्या द्रावणात. महिनाभर कुणी हात लावायचा नाही, निकालाची पाटी लावायची नाही. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद आणि राज्याचा आयोग यांनी मिळून हा खर्च उचलावा, आणि टाक्यांशेजारी लोकांशी बोलायला पेणच्याच मूर्तिकारांना मानधन देऊन बसवावं.