पळस आणि मोह

जपानात चेरी फुलली की माणसे ती पाहावयास डोंगर चढतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात फाल्गुन सरता सरता पळस पेटतो. तो पाहावा म्हणून मी एकदा तुमसरजवळच्या आंबागडावर गेलो. पायथ्याशी एक म्हातारी पहाटे गळलेली मोहफुले वेचीत होती. वाळवली की ती पुढे कितीतरी दिवस पुरतात.

निरपेक्ष पाहणे तेवढे शुद्ध, उपयोग आला की सौंदर्य उणावले, असे आपण समजतो. पण निरपेक्षतेलाही आधी पोट भरलेले लागते! मी तिला विचारले, “पळस पाहता की नाही?” ती हसली. “पळस पाहाचा, बाबू, अन् मोहफुलं वेचाची.”

दोन्ही तिच्या एकाच सकाळीत मावत होती. विभागणी आपण सवडीची माणसे करतो.