ढगातली नजर

खुर्चीत ताठ बसा. सिम्युलेटरमध्ये निरभ्र आकाश निवडू नका, ढग अगदी खाली उतरलेले घ्या. विमान हवेत न्या आणि काचेबाहेर सगळं करडं होऊ द्या. आता बाहेर काही शोधायचं नाही.

नजर कृत्रिम क्षितिजावर आणा. निळं वर, तपकिरी खाली. तिथून वेगाच्या काट्याकडे, परत क्षितिजाकडे. उंचीकडे, परत. दिशेकडे, परत. एकाच काट्यावर रेंगाळलात की बाकीचे हळूच सरकू लागतात. हात थोडाच हलवा आणि काटा उत्तर देईपर्यंत थांबा.

आता डावं वळण घ्या, सेकंदाला ३ अंश. पूर्ण फेरीला २ मिनिटं लागतील. नजर फिरती ठेवा आणि खऱ्या विमानात या वेळी कानात काय घडलं असतं, ते मनात आणा. वळण सुरू होताच अंतर्कर्णाच्या नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो, म्हणून वळल्याचं जाणवतं. वळण तसंच चालू राहिलं, तर वीसेक सेकंदांत द्रव नलिकांचा वेग गाठतो आणि शरीर म्हणतं, आपण सरळ चाललोय. विमान खरंच सरळ केलं, की तेच शरीर म्हणतं, उजवीकडे वळतोय. त्याचं ऐकणारा पुन्हा डावीकडे कलतो आणि घिरट्या घेत खाली येतो.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसू न देता उडायला लावलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. या आकड्यापाशी जरा थांबा.

एडविन लिंक यांनी ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारं सराव-विमान १९२९ मध्येच तयार केलं होतं. अमेरिकी लष्कराने ते घेतलं १९३४ मध्ये, खराब हवेत टपाल नेताना वैमानिक दगावल्यावर. मधली ती वर्षं मला फार सलतात.

आता कृत्रिम क्षितिज बंद पाडा. ते हळूहळू कलेल, खोटं सांगेल. वळणाचा काटा आणि दिशा काय म्हणतात ते पाहा. दोघांचं जुळत असेल तर त्यांच्यावर विसंबा. गोंधळलात तर सगळं थांबवा, नीट पाहा, पुन्हा सुरू करा. सिम्युलेटरचं मोठेपण मला इथेच दिसतं.

घरातली खुर्ची नजरेला वळण लावते, पण कानाला फसवत नाही. ती फसवणूक खऱ्या ढगातच भेटते. कितीही सराव झाला, तरी पहिल्यांदा तिथे जाताना शेजारी प्रशिक्षक असू द्या.