नाताळानंतरची आवराआवर

शास्त्रपाठ : लूक १२:१३-२१



नाताळ झाला, नव्या वर्षाची उपासनाही झाली. पुष्कळ ख्रिस्ती घरांत ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे मागी लोकांच्या भेटीची आठवण करण्याच्या दिवसापर्यंत, सजावट ठेवण्याची चाल आहे. त्यानंतर दारावरची चांदणी उतरते, पताका सुटतात आणि त्या ठेवायला आपण माळ्यावर चढतो. तेव्हा कळते की माळ्यावर जागाच उरलेली नाही. भेट आलेले चादरींचे संच, न उघडलेले कपबशांचे खोके, लहान झालेले स्वेटर, रिकाम्या बरण्या यांनी तो भरून गेला आहे.

दाखल्यातील धनवानापुढे नेमका हाच प्रश्न होता. पीक भरपूर आले आणि ठेवायला जागा नव्हती. त्याने चोरी केली नव्हती, कोणाला फसवलेही नव्हते. तरी देवाने त्याला मूर्ख म्हटले. का? त्याचे बोलणे पुन्हा वाचा. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव! त्या साऱ्या विचारात शेजारी एकदाही येत नाही, देवही येत नाही. जागा नाही म्हणून मोठे कोठार बांधावे, एवढेच त्याला सुचले. आपणही जागा नाही म्हणून आणखी एक कपाट घेतो. म्हणून घर आवरताना या शास्त्रभागाच्या प्रकाशात काही गोष्टींचा विचार करू या.

१. आपण तळावरचे लोक आहोत

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना हे समजायला लांब जावे लागत नाही. सन १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या सैन्याचा तळ दिला. तो तळ उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, बाजार आले, आणि आजही शहराच्या त्या भागाचे नाव लष्कर असेच आहे. मुक्कामाला आलेली माणसे कायमची वस्तीला राहिली. यात वाईट काही नाही. पण आत्मिक जीवनात असेच घडते तेव्हा धोका असतो. इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहाम वचनदत्त देशातही तंबूतच राहिला असे सांगितले आहे, कारण त्याची दृष्टी देवाने बांधलेल्या नगराकडे होती. ज्याला पुढे जायचे आहे तो ओझे मोजून घेतो. एखादी वस्तू हाती घेऊन "ही ठेवू का?" असे विचारण्याआधी "आपण कोठे चाललो आहोत?" हे विचारावे.

२. दडवलेले धन कोणाचे होणार?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील गंगाजळी खजिन्याची कथा येथे घरोघरी ठाऊक आहे. १८५८ पासून १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि खजिना त्याच किल्ल्याच्या गुप्त तळघरांत होता. किल्ला परत मिळाला त्याच वर्षी महाराज जयाजीराव वारले. पुत्र माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. असे सांगतात की तळघराची वाट मुलाला सांगण्यापूर्वीच पित्याला मृत्यूने गाठले, आणि पुढे त्या धनासाठी पुष्कळ शोधाशोध करावी लागली. धनवानाला देवाने विचारलेला प्रश्न या कथेतही ऐकू येतो : तू साठवलेस खरे, पण ते आता कोणाचे होईल?

आपल्याजवळ गंगाजळी नाही. पण कपाटाच्या तळाशी घराचे कागद, विम्याच्या पावत्या, बँकेची पुस्तके आहेत. ती कोठे आहेत हे पत्नीला ठाऊक आहे काय? मुलांना ठाऊक आहे काय? दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेने २०१४ साली स्थापन केलेल्या निधीत जमा होतात. वारसांना त्या मागता येतात, पण ठेव होती हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? आणि हे ध्यानात घ्या की हा दाखला सांगण्याचे निमित्तच वतनाच्या वाटणीचे होते. भावाविरुद्ध तक्रार घेऊन एक मनुष्य प्रभूकडे आला होता. आईबापांच्या मागे एकमेकांशी न बोलणारी भावंडे आपल्या मंडळ्यांतही आहेत. म्हणून कागद नीट लावा, वारसाचे नाव नोंदवा, मृत्युपत्र करा आणि घरातल्यांना एकत्र बसवून सांगा. हीसुद्धा प्रीतीची सेवा आहे.

३. दोन अंगरख्यांचा हिशेब

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले व आम्ही काय करावे म्हणून विचारू लागले, तेव्हा त्याने साधा हिशेब दिला : दोन अंगरखे असणाऱ्याने एकही नसणाऱ्याला एक द्यावा (लूक ३:११). ग्वाल्हेरची जानेवारीची थंडी कडक असते. सकाळी धुक्यात समोरचे माणूस दिसत नाही, आणि त्याच थंडीत कोणी उघड्यावर झोपलेला असतो. आपल्या ट्रंकेतील जादा रजई उन्हाळ्यात देऊन काय उपयोग? ती आजच द्यावी. मात्र देताना फाटके व विटलेले निवडू नये. जे घालायला आपल्याला लाज वाटते ते दुसऱ्याला देणे म्हणजे दान नव्हे. ते कबाड्याकडे जावे. धुऊन, बटणे लावून, घडी करून द्या. घेणाऱ्याचा मान राखला जाईल असे द्या.

मृत आईची साडी किंवा वडिलांचा कोट हातावेगळा करणे कठीण जाते. त्यासाठी कोणी कोणाला घाई करू नये. एखादी वस्तू आठवण म्हणून ठेवावी, आणि बाकीच्या वस्तू दुसऱ्याच्या अंगाला ऊब देतील तर त्या माणसांची आठवण अधिक जिवंत राहील.

४. झाडलेले घर रिकामे राहू नये

प्रभूने झाडून सुशोभित केलेल्या घराचीही गोष्ट सांगितली (लूक ११:२४-२६). अशुद्ध आत्मा निघून गेला, पण त्याच्या जागी कोणी राहायला आले नाही. म्हणून तो आणखी सात जण घेऊन परतला. आमच्या गावी या शिकवणीची परीक्षा लगेच होते. महाराज माधवरावांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा ऐन हिवाळ्यात भरतो. माळा रिकामा करावा आणि मेळ्यातून तो पुन्हा भरून आणावा, असे होऊ शकते. मेळ्याला जरूर जा, मुलांना पाळण्यात बसवा. पण घर आवरले तरी मन आवरले नाही, तर पुढच्या नाताळात तोच पसारा असेल. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात कौटुंबिक प्रार्थनेची जागा करा. वाचलेल्या वेळात एखाद्या एकट्या वृद्धाची भेट घ्या.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना सांगावे की प्रत्येकाने आपले एक चांगले, न मोडलेले खेळणे स्वतः निवडून आणावे. आईने निवडून दिलेले नको. ज्याचा हात ते देताना थोडा अडखळेल त्या मुलाला हा धडा कळला असे समजावे.

गव्हाणीत ज्याला ठेवावे लागले, कारण उतारशाळेत जागा नव्हती, त्या प्रभूचा जन्मदिवस आपण नुकताच साजरा केला. त्याच्यासाठी आपल्या घरात जागा आहे काय?

प्रार्थना : हे प्रभू, तू दिलेल्या सर्व वस्तूंबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. काय ठेवावे व काय द्यावे हे ओळखण्याची बुद्धी आम्हांस दे, आणि आमच्या घरांत तू स्वतः वस्ती कर. आमेन.